थोरलीची टाकी

“वयनी, टाकी कधी उघडताय?” मी विचारलं.

“तू कधी उघडतेस?” थोरली जाऊ म्हणाली.

“मला कसली घाई?”

“मग मलाच कशाला असेल?”

एवढं बोलून दोघींनी आपापल्या कळश्या बावीत सोडल्या. चैत्र सरत आला होता आणि बावीतलं, म्हणजे आमच्या कातळवाडीच्या एकुलत्या एक विहिरीतलं पाणी, तळाच्या खडकाला टेकलं होतं. कळशी खाली जाऊन खणकन आपटायची, आडवी व्हायची आणि अर्धीमुर्धी भरून वर यायची. बाव डोंगराखाली, ओढ्याकाठी. घरं वर सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर. मधली वाट जांभ्या दगडाची, उभ्या चढणीची, सकाळपासूनच पायाला चटके देणारी. आणि वर, आम्हा दोघींच्या घरांमागं, सिमेंटच्या दोन गोल टाक्या झाकणांना कुलपं लावून उभ्या होत्या. पावसाळ्यात कौलांवरून उतरलेलं पाणी साठवायचं आणि उन्हाळ्यात बायकांनी डोंगर उतरायचा नाही, यासाठी बांधलेल्या. आणि आम्ही दोघी रोज डोंगर उतरत होतो.

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. “शिगवणांच्या जावा बघा,” तानी गुरवीण म्हणायची, “पाण्यावर नागोबासारख्या बसल्यात.” मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. थोरलीही करायची. तेवढ्यापुरतं आमचं एकमत होतं.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली असतील. लोक म्हणतात, वय झालं की माणसाच्या मनातली जळजळ निवते. माझी काही निवलेली नाही, तेव्हा आहे तशीच सांगते.

थोरलीचं नाव अनसूया, माझं सुगंधा. दोन सख्ख्या भावांच्या आम्ही बायका. वाटणी झाली तेव्हा मधे दगडांचा बुटका गडगा घातला गेला, त्याच्या अल्याड मी आणि पल्याड ती. दिसायला मी उजवी. हे मी म्हणत नाही, मला बघायला आलेले म्हणाले होते. शाळा मी सातवीपर्यंत शिकले, ती चौथीतच सुटली. माझ्या हातचे घावने अख्ख्या वाडीत कुणाला जमत नाहीत. तरीही बारसं असो, सत्यनारायण असो, पहिली हाक अनसूयाबायला. मोठी आहे म्हणून तेही मी चालवून घेतलं असतं. पण गंगाराम भावोजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, ती टाकी बांधली आणि मला घास गोड लागेनासा झाला.

आमच्याकडे पावसाला तोटा नाही. तोटा आहे तो पाणी थांबायला. कातळावरून सगळं धावत समुद्राला जातं आणि शिमगा झाला की वाडी कोरडी. मग मे महिन्यात टँकर यायचा, तोही येईल तेव्हा, सांगेल त्या भावानं. गंगाराम भावोजी हायस्कुलात शिपाई. तिथं कुणीतरी येऊन जाळी आणि सिमेंटची टाकी कशी बांधतात ते दाखवून गेलं होतं. भावोजींनी पागोळ्यांखाली पत्र्याची पन्हळ बसवली, पाइप टाकला, आणि पहिल्याच पावसाळ्यात टाकी शिगोशीग भरली.

पुढच्या उन्हाळ्यात बघावं ते काय. संध्याकाळ झाली की वाडीतल्या बायका कळश्या घेऊन तिच्या परसात. ती पाटावर बसून नळ सोडायची, बंद करायची. पैसा घेत नव्हती, हे त्यात सगळ्यात वाईट. पैसे घेतले असते तर चार जणी तरी तिला नावं ठेवणाऱ्या निघाल्या असत्या. ती नुसती म्हणायची, “घे गो, तुला ल्हान पोर हाय, आणखी एक ने.” आणि ती बाई दुवा देत निघून जायची, माझ्या अंगणावरून, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मी ओटीवर बसून तांदूळ निवडत असायची. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी तांदळात एक खडा राहिला नाही.

मी तिचं पाणी घेतलं नाही. मान मोडेपर्यंत बावीवरून आणलं, पण गडग्यापलीकडे कळशी नेली नाही. एकदाच काय ते झालं. वैशाखात माझ्या माहेरची माणसं न कळवता आली, घरात हंडाभर पाणी, आणि मी काय करू म्हणून उभी असताना थोरलीनं न बोलावता दोन हंडे आणून माझ्या ओटीवर ठेवले. परत करणार होते. पण भावजय बघत होती.

“किती प्रेम आहे गं तुमच्या दोघींत,” भावजय म्हणाली. मी हसले. असं हसायला फार ताकद लागते.

त्याच पंधरवड्यात मी नवऱ्याच्या मागं लागले. दत्ताराम एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. हिशेबी माणूस.

“अगो, टाकी म्हणजे उभा करून ठेवलेला पैसा,” ते म्हणाले. “वर्षातले आठ-नऊ महिने तिच्याकडं कुणी बघणार नाय. पावसात पाणी दारात, हिवाळ्यात बावीत. कामाची ती फक्त शिमग्यापासून मिरगाच्या पावसापर्यंत. तेवढ्यासाठी केवढा खर्च? त्यापेक्षा मे महिन्यात आपण टँकर मागवू.”

“मे महिन्यात सगळेच टँकर मागवतात. तेव्हा तो आपल्या दारात कशाला थांबेल?”

“मग वयनीकडनं घे. त्या देतात.”

ते शब्द त्यांनी तोंडातून काढायला नको होते. दुसऱ्या दिवशी मी माझी बोरमाळ त्यांच्यासमोर ठेवली. काजूचे पैसे होतेच. गवंडी आला, जागा बघितली, घरात माणसं किती ते विचारलं. आम्ही दोघं आणि दोन मुली.

“मग ल्हानशी पुरे,” गवंडी म्हणाला.

“पलीकडची केवढी हाय?”

त्यानं गडग्यावरून बघून सांगितलं.

“तिच्यापेक्षा हातभर उंच कर. आणि हातभर रुंद.”

टाकी मिरगाच्या तोंडावर पुरी झाली. वर पाणी मारायचं काम पावसानंच केलं. जाताना गवंड्यानं बजावलं, की तळाला वीतभर पाणी कायम ठेवायचं, कितीही टंचाई आली तरी ते काढायचं नाही. टाकी उन्हात कोरडी पडली की सिमेंटला भेगा जातात. मी बरं म्हटलं. माझं लक्ष तेव्हा तळाकडे नव्हतं, काठाकडे होतं. टाकी भरून काठावरून पाणी वाहिलं त्या दिवशी मी छत्री घेऊन मुद्दाम परसात उभी राहिले. थोरली तिच्या दारात आली, बघितलं, म्हणाली, “भरली गो, बरं झालं.” तेवढंच. जळली असती तर माझा जीव थंड झाला असता.

मग उन्हाळा आला, आणि तेव्हा मला कळलं की टाकी भरणं सोपं, उघडणं अवघड. जी आधी उघडेल तिची आधी संपणार. मग ती पुन्हा कळशी घेऊन बावीवर, आणि दुसरी पाटावर बसून नळ सोडणार. मला एकदा, एका वैशाखात तरी, शेवटचं पाणी माझ्याच टाकीत असलेलं बघायचं होतं. तानी गुरवीण माझ्या परसात कळशी घेऊन उभी राहिलेली बघायची होती. आणि जमलं तर थोरलीसुद्धा. म्हणून मी कुलूप लावलं आणि थोरली उघडायची वाट बघत बसले.

तीही उघडेना. लोक मागायला गेले तर म्हणाली, “औंदा नाय गो देता येणार. रेश्माचं लगीन हाय, पाणी लग्नासाठी ठेवलंय.” रेश्मा तिची लेक. लग्न वैशाखात, तिच्याच दारात. बोलणी झाली तेव्हा मी तिथंच चहा देत होते. मुलाकडची माणसं नळाच्या पाण्याच्या गावची. होणाऱ्या विहीणबाईंनी आढेवेढे न घेता विचारलं होतं, “मे महिन्यात वऱ्हाड आणायचं म्हणता, तुमच्याकडे पाण्याचं कसं? आमच्या भावाच्या लग्नात माणसं हात न धुता उठली होती, ते अजून आम्हाला ऐकवतात.”

“काळजी नको,” थोरली म्हणाली होती. “टाकी शिगोशीग हाय.”

आमच्या सड्यावर हेच चालतं. दुसऱ्या गावात जमीन बघतात, घर बघतात. इथं मुलगी देणारा आणि नेणारा दोघंही आधी पाण्याचं विचारतात.

दत्ताराम दर सुट्टीला माझ्यावर चिडायचे. “दारात पाणी आणि बायको डोंगराखाली. टाकी कशाला बांधली, हळदीकुंकू वाहायला? मिरगाला जे पाणी टाकीत उरेल त्याची किंमत शून्य. वरून नवीन येणार ते जुन्यावरून वाहून जाणार. पाणी ठेवून ठेवून वाढत नाय, सुगंधा. ते काय बँकेत ठेवलंय?”

“त्यांनी उघडली की उघडते.”

“आणि त्यांनी नाय उघडली तर?”

माझे गुडघे रात्री ठणकायचे आणि सकाळी मी पुन्हा दोर-कळशी घेऊन निघायची. गडग्यापलीकडून थोरलीही निघायची. आम्ही वाटेनं एकीमागं एक चालायचो, आणि मी तिच्या पाठीकडे बघत मनात म्हणायची, बाई, थक आता.

हळदीचा दिवस उजाडला. जाऊ म्हणून मला जावंच लागलं. मांडव घातलेला, मुलींचा दंगा, माझ्या दोघी पोरी त्यात. थोरलीनं मला चुलीकडचं काम सांगितलं. मोठा पितळी हंडा परसात घासून पालथा घातला होता, तो आणायला मी मागच्या बाजूला गेले. त्या बाजूला मी वर्षभरात पाय ठेवला नव्हता. हंडा जड. उचलून वळताना तोल गेला आणि हंडा टाकीच्या अंगावर आदळला.

टाकी घुमली.

भरलेली टाकी घुमत नाही. दगडावर थाप मारावी तसा बद्द आवाज येतो. माझ्या टाकीवर मी रोज सकाळी बोटांनी टकटक करत होते, मला तो आवाज पाठ होता. मी हंडा खाली ठेवला. पालथ्या मुठीनं वर मारून बघितलं, मध्ये मारून बघितलं, खाली बसून अगदी तळाशी मारलं. सगळीकडे रिकामं. तळाजवळ एक बारीक भेग होती, केसाएवढी, आणि तिच्याभोवती पांढरा क्षार धरलेला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका की हंड्यावर हात टेकून मी जरा वेळ तशीच बसून राहिले. उद्या वऱ्हाड येणार, विहीणबाई हात धुवायला उठणार आणि नळातून वारा येणार. वर्षभर डोंगर चढले त्याचं चीज झालं असं वाटलं. मग लगेच दुसरं मनात आलं आणि आनंद निम्मा झाला. म्हणजे ही बाई इतके दिवस रिकाम्या टाकीला कुलूप लावून माझ्याशी झुंजत होती, आणि मी भरलेली टाकी घेऊन तिच्या बरोबरीनं पाय झिजवत होते.

“कळलं ना?” मागून आवाज आला. थोरली उभी होती. हाताला हळद.

मी उठले. “कधीपासून?”

“माघात रिकामी झाली. भरली होती, पण झिरपत गेली. बघता बघता खाली गेली.”

“भावोजींना ठाऊक हाय?”

“कुलूप त्यांनीच लावलं.”

“आणि लग्नाला पाणी?”

“टँकर सांगितला होता. लग्नसराई हाय. आता निरोप आला, गाडी परवा येईल.” तिचा आवाज हलला नाही. तिनं हळदीचे हात पदराला न पुसता तसेच पुढं धरले होते, जणू ते कुठं ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं. “हे गेलेत बाजारात दुसरा टँकर बघायला. मिळायचा नाय.”

“गवंड्यानं तुम्हाला सांगितलं नव्हतं, तळाचं पाणी काढायचं नाय म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“तळाचं तेवढंच उरलं होतं गेल्या वैशाखात. तुझ्या माहेरची माणसं आली ना. ते दोन हंडे आणि खरवडून आणखी थोडं. मग पाऊस येईपर्यंत टाकी उन्हात तापली.”

माझ्या अंगावर काटा आला म्हणावं तर तसं काही झालं नाही. मला राग आला. म्हणजे तिथंही हीच वरचढ. माझी टाकी सगळ्यांत मोठी, माझं पाणी सगळ्यांत जास्त, आणि तिची रिकामी टाकी म्हणे माझ्यामुळे रिकामी. माणसानं फुटकी टाकी तरी स्वतःच्या नावावर ठेवू नये?

“मला त्या दिवशी सांगायचं होतंत,” मी म्हटलं. “मी मागितलं नव्हतं.”

“नाय मागितलंस. म्हणून तर आणलं.”

“मग आता तुम्ही मागा.”

तिनं हातावरच्या हळदीकडे बघितलं.

“मागा की. माझी भरलेली हाय. तुम्हाला ठाऊक हाय भरलेली हाय.”

“ठाऊक हाय.”

“मग मागा.”

“नाय मागणार मी,” थोरली म्हणाली. “तू दिलंस तर घेईन.”

आणि ती पुढं निघून गेली. मांडवातून कुणीतरी तिला हाक मारली होती. पहिली हाक, नेहमीसारखी.

मी हंडा तिथंच टाकला आणि गडगा ओलांडून घरी आले. दत्ताराम लग्नासाठी रजा घेऊन आले होते, ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“मग?” ते म्हणाले.

“मग काय. मागायला तयार नाय बाई. लेकीचं लगीन मोडलं तरी चालेल, पण मागणार नाय.”

“तू त्यांच्या जागी असतीस तर मागितलं असतंस?”

“माझ्या जागेबद्दल बोला.”

“तुझ्या जागेबद्दल बोलतो,” ते म्हणाले. “तुझ्या टाकीतलं पाणी दोन-तीन आठवड्यांनी मिरग आला की फुकट. आज त्याला जी किंमत हाय ती परत कधी यायची नाय. उद्या संध्याकाळी वऱ्हाड गेलं की तेच पाणी पुन्हा भांडी घासायचं पाणी. आता ठरव.”

त्यांनी हे चांगल्या मनानं सांगितलं. मी ते माझ्या मनानं ऐकलं. मी हिशेब केला तो असा. पाणी नाही दिलं तर उद्या शिगवणांच्या दारात वऱ्हाड तहानलं, असं होणार. शिगवण मीही आहे, माझ्याही दोन मुली आहेत, त्यांनाही कुणी बघायला येणार. आणि दिलं तर? दिलं तर थोरलीच्या लेकीचं लग्न माझ्या पाण्यावर लागलं, हे तिला मरेपर्यंत ठाऊक राहील. मी कुणाला सांगणार नाही. ब्र काढणार नाही. पण ती बारशाला पहिली गेली की मी तिच्याकडे बघेन, पाटावर बसली की बघेन. तिची मान आपोआप खाली जाईल. असं पाणी बोरमाळेच्या बदल्यात मिळत असेल तर स्वस्त होतं.

“पाइप काढा,” मी दत्तारामना म्हटलं.

दुपारी हळदीचं जेवण उरकून माणसं जिथं सावली मिळेल तिथं आडवी झाली होती. कलमांना पाणी घालायचा लांब रबरी पाइप आम्ही गडग्याच्या फटीतून पलीकडे सरकवला. आमचं परस त्यांच्यापेक्षा कमरेएवढं वर, म्हणून पाणी आपोआप उतरणार होतं. एक टोक माझ्या टाकीत सोडलं. दुसऱ्या टोकाला तोंड लावून मी ओढलं, तोंडात रबराची आणि पावसाची चव आली, आणि पाणी सुरू झालं. थोरलीनं तिच्या टाकीचं कुलूप काढून झाकण सरकवून ठेवलं होतं. कधी काढलं कोण जाणे. मी बघितलं तेव्हा उघडंच होतं.

ती टाकीपाशी आली. पाइप आत सोडला. भेग बारीक होती, एका दिवसात झिरपून झिरपून किती झिरपणार? आम्ही दोघी पाणी पडल्याचा आवाज ऐकत उभ्या राहिलो. आधी नुसता पत्र्यावर पडल्यासारखा, मग हळूहळू भरीव होत गेलेला.

“सुगंधा,” ती म्हणाली.

“काय बोलू नका,” मी म्हटलं. “मी पण कुणाला बोलणार नाय.”

तिनं मान हलवली. मला वाटलं, झालं, मान खाली जायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी लग्न थाटात लागलं. अक्षता पडल्या, वाजप झालं, पंगती बसल्या. पाण्याची ददात नव्हती. हात धुवायला पाणी, प्यायला पाणी, पोरांनी एकमेकांच्या अंगावर उडवायला पाणी. थोरलीच्या नळातून भडाभडा वाहत होतं आणि प्रत्येक जण जाता-येता म्हणत होता, अनसूयाबायनं लेकीसाठी पाणी कसं जपून ठेवलं. मी तांब्या घेऊन पंगतीत फिरत होते. एकेक वाक्य काट्यासारखं टोचत होतं, पण आतून मी गार होते. बोला, म्हटलं, बोला. जिला ठाऊक असायला हवं तिला ठाऊक आहे.

बायकांच्या पंगतीत विहीणबाई बसल्या. मी त्यांच्या फुलपात्रात पाणी ओतलं. त्यांनी घोट घेतला, पुन्हा घेतला.

“काय गार पाणी आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या नळाचं पाणी म्हणजे नुसती औषधाची घाण. अनसूयाबाई, तुम्ही त्या दिवशी टाकी शिगोशीग आहे म्हणालात तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. आता सांगते, मी आमच्या गाडीत पिण्याचे दोन कॅन भरून आणलेत. लाज वाटते मला.”

पंगतीत बायका हसल्या. तानी गुरवीण म्हणाली, “आमची अनसूयाबाय बोलते ते करते.”

थोरली जिलबीचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते ताट खाली ठेवलं.

“विहीणबाई, लाज तुम्हाला नको,” ती म्हणाली. “हे पाणी माझं नाय.”

मी तिच्या पदराला हात घातला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

“माझी टाकी फुटकी हाय. माघातच कोरडी पडली. काल सकाळपर्यंत तुमच्या माणसांना द्यायला माझ्याकडे एक कळशी पाणी नव्हतं, आणि मी ते तुमच्यापासून लपवलं. हे सगळं पाणी माझ्या धाकट्या जावेचं. मी मागितलंसुद्धा नव्हतं. तिनं दिलं.”

आता विहीणबाई ताटावरून उठतात की काय, ही एक भीती. आणि तिच्या पाठोपाठ, लपवून काय करू, दुसरी गोष्ट. सगळी वाडी इथं बसली आहे, आणि आता सगळे माझ्याकडे बघणार. मी पदर सारखा केला. तांब्या दोन्ही हातांनी धरला.

विहीणबाई उठल्या. उष्ट्या हातानंच त्या थोरलीपाशी गेल्या आणि डाव्या हातानं त्यांनी तिचा हात धरला.

“लेकीच्या लग्नाच्या दिवशी, भर पंगतीत, असं खरं बोलायला केवढं मन लागतं,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “अशा आईची लेक माझ्या घरात येते. मला आणखी काय हवं?”

मग काय विचारता. एकीनं डोळ्याला पदर लावला, मग दुसरीनं. कुणी म्हणालं, अशी माणसं आता कुठं राहिलीत. तानी गुरवीण तर हुंदके देत म्हणाली, “अनसूयाबायचं मनच मोठं गो. आज नाय, पहिल्यापासून.” रेश्मा उठून आईच्या गळ्यात पडली. माझ्या दोघी मुलीही जाऊन तिलाच बिलगल्या. काल दुपारी मी जे ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, मरेपर्यंत राहील म्हणून ठेवलं होतं, ते तिनं चार वाक्यांत खाली उतरवलं होतं, आणि वर सगळ्यांच्या डोळ्यांतलं पाणीही घेतलं होतं.

थोरलीनं त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघितलं. तिची मान खाली नव्हती. तिनं हे मला खिजवायला केलं असतं तर मी आयुष्यभर सुखानं तिचा राग केला असता. तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं की तिच्या मनात तसं काही आलंच नव्हतं.

पाणी माझं होतं आणि मन मोठं तिचं ठरलं.

पंगतीच्या टोकाला बसलेल्या कुणा म्हातारीला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तिनं रिकामं फुलपात्र माझ्यापुढं केलं.

“वाढ गो बाय, अनसूयेच्या टाकीतलं,” ती म्हणाली.

मी वाढलं.